कोचला घरी पाठवून काय साधलं?

जानेवारी २०२३ मध्ये ‘कॅपिटल वन’ या अमेरिकी बँकेनं आपल्या तंत्रज्ञान विभागातली ‘अजाइल’ (सॉफ्टवेअर लहान लहान टप्प्यांत घडवण्याची पद्धत) राबवणारी अख्खी पदश्रेणीच मोडीत काढली. अकराशेहून जास्त पदं एका फटक्यात गेली. बँकेचा खुलासा थोडक्यात असा होता: परिवर्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यांत ही पदं फार मोलाची होती; आता संस्था परिपक्व झाली, तेव्हा ही कामं थेट इंजिनिअरिंगमध्येच मिसळून टाकत आहोत.

तेव्हापासून हाच खुलासा पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या बैठकांमध्ये ऐकू येतो, फक्त आपल्याकडे तो जरा रोखठोक मांडला जातो. स्टँड-अप, म्हणजे रोजची छोटी बैठक, कसा घ्यायचा हे आता टीम्सना कुणी शिकवायला नको. जे काही उरलंसुरलं असेल ते इंजिनिअरिंग मॅनेजर बघून घेईल. आणि अजाइल कोचच्या पगाराच्या बदल्यात कंपनीला काय मिळतं, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. सबब, पांढरा हत्ती पोसणं बंद करा.

ही तिन्ही कलमं मला चुकीची वाटतात, आणि तिन्हींमागची चूक एकच आहे. कोच हा टीमला शिकवायला नेमला होता, असं ती गृहीत धरतात. आठ-दहा माणसांच्या कामात ते खरंही असेल. पण दोन-तीनशे माणसं मिळून जेव्हा एकच सॉफ्टवेअर घडवतात, तेव्हा कोचची गरज टीमच्या आत फारशी नसतेच. ती असते एका टीमच्या आणि दुसऱ्या टीमच्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि त्याहून जास्त वरच्या मजल्यावर.

आधी कोच मंडळींच्या पदरात त्यांचं माप घालू, कारण या धंद्यात भुसा पुष्कळ आहे. दोन दिवसांचा वर्ग आणि एक परीक्षा, एवढ्यावर स्क्रममास्टर होता येतं. त्यावर आणखी दोन-तीन प्रमाणपत्रं चढवली की लिंक्डइनवर माणूस ‘ट्रान्सफॉर्मेशन कोच’ होतो. रात्री अकराला फुटलेला बिल्ड ज्यानं आयुष्यात कधी दुरुस्त केला नाही, तो दहा-दहा वर्षं कोड लिहिणाऱ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटतो आणि शिडाच्या होडीचं चित्र काढून ‘यात तुमचा वारा कुठला, नांगर कुठला’ असं विचारतो. काम पुढे सरकलं नाही की ठेवणीतलं उत्तर तयार: लोकांचा माइंडसेट बदललेला नाही. माइंडसेट हा फार सोयीचा आरोपी आहे. तो सुनावणीला कधी हजर होत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, आणि त्याच्यावर ठपका ठेवला की बजेट कुणी अडवलं, कंत्राट कुणी लिहिलं, हे प्रश्न कुणी विचारत नाही. अशा कोचला काढलं तर मी अश्रू ढाळणार नाही.

कोच काढणारे याच ठिकाणी दोन मोठी नावं पुढे करतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यांतल्याच डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये अजाइल मेल्याचं लिहिलं, आणि रॉन जेफ्रीझ यांनी २०१८ मध्ये डेव्हलपरांनी ‘अजाइल’ या नावाचा नाद सोडावा असा सल्ला दिला. जन्मदात्यांनीच हात झटकले म्हटल्यावर तुम्ही कशाला कवटाळून बसता, असा सूर. पण दाखला अर्धाच दिला जातो. या दोघांचा राग होता तो वरून लादलेल्या आणि पाकिटात घालून विकलेल्या अजाइलवर. लहान पावलं टाका, चालणारं सॉफ्टवेअर वरचेवर दाखवा, त्यातून जे कळेल त्यावर पुढचं पाऊल ठरवा, हे त्यांनी कधी मागं घेतलेलं नाही. ज्या वरच्या मजल्यानं ते अजाइल लादलं, तोच आज यांचे लेख दाखवून कोचला बाहेरचा रस्ता दाखवतो आहे.

आता पहिल्या कलमाकडे, म्हणजे परिपक्वतेकडे येऊ.

समजा, एका बँकेत ग्राहकाला मोबाइलवरून पत्ता बदलता यावा, एवढीच सोय करायची आहे. अॅपचा स्क्रीन एका टीमकडे. मधला एपीआय दुसरीकडे. केवायसीचे नियम तिसरीकडे. ग्राहकाची मूळ नोंद कोअर बँकिंगवाल्यांकडे. पत्ता बदलल्याचा एसएमएस धाडणारी टीम पाचवी. प्रत्येकीचं काम दोन दिवसांचं धरा, म्हणजे सगळं मिळून दहा दिवस. प्रत्येकीचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. एकीचं आटोपलं की ते दुसरीच्या पुढच्या स्प्रिंटमध्ये शिरणार, म्हणजे कुठंही काही अडलं नाही तरी दहा आठवडे. त्यात कोअर बँकिंगवाले म्हणाले, ‘ही तिमाही भरली, पुढच्या तिमाहीत बघू,’ की आणखी तेरा. वर पाचही टीम्सना मिळून टेस्ट एन्व्हायर्न्मेंट एकच, तिथं वेगळी रांग. दहा दिवसांच्या कामाला जवळपास सहा महिने. या सहा महिन्यांत पाचही टीम्सचे स्टँड-अप वेळेवर झाले, स्प्रिंटनंतरचा आढावा घेणारा रेट्रो एकही चुकला नाही, दर स्प्रिंटला किती काम उरकलं ते सांगणाऱ्या व्हेलॉसिटीचा आलेख चढताच राहिला. परिपक्वतेची प्रश्नावली भरून घेतली असती तर पाचही जणी पहिल्या वर्गात पास.

या चित्रात कोणती टीम अपरिपक्व आहे? एकही नाही. पाचही शहाण्यासारख्या वागत आहेत. वेळ खाल्ला तो टीम्स कशा कापल्या आहेत त्या कापणीनं. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं: संस्थेत माणसं एकमेकांशी जशी जोडलेली असतात, तशीच त्यांनी बनवलेली प्रणाली जोडली जाते. क्रेग लारमन आणि बास वोडे यांनी मोठ्या प्रमाणावरच्या कामासाठी जी ‘लेस’ ही पद्धत मांडली, तिचा सगळा भर याच कापणीवर आहे. भागानुसार टीम्स न करता, ग्राहकाला लागणारी सोय आरंभापासून शेवटपर्यंत करू शकेल अशी टीम करा. लारमन आणखी एक कडवट गोष्ट सांगतात. संस्था नकळत अशाच घडलेल्या असतात की मधल्या व्यवस्थापकांच्या जागांना धक्का लागू नये, आणि म्हणून येणारा प्रत्येक बदल नव्या नावानं जुनंच काम होऊन बसतो. हे वाक्य भिंतीवर लावलेलं मी अजून कुठल्या ऑफिसात पाहिलेलं नाही, जाहीरनामा मात्र सगळीकडे फ्रेम करून लावलेला असतो.

टीम्सची कापणी बदलायचा अधिकार डेव्हलपरला नाही, स्क्रममास्टरला नाही, बहुतेकदा एकट्या मॅनेजरलाही नाही. तो डायरेक्टरला असतो, कधी त्याच्याही वरच्याला. ‘टीम्स आता शिकल्या’ असं म्हणून विषय संपत नाही तो यासाठी. शिकायचं होतं ते वरच्यांनी.

ज्यानं ‘सेफ’ पद्धतीचं दोन दिवसांचं मोठं प्लॅनिंग पाहिलं आहे, त्याला हे आणखी चटकन पटेल. डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये ही पद्धत आणली. तिच्यात पन्नास ते सव्वाशे माणसांची एक ‘ट्रेन’ असते आणि आठ ते बारा आठवड्यांतून एकदा ती सगळी माणसं एकत्र बसून पुढचं ठरवतात. भिंतीवर मोठा फलक. आडव्या ओळीत एकेक टीम, उभ्या रकान्यात एकेक स्प्रिंट. कोणाचं काम कोणावर अवलंबून, ते दाखवायला एका चिठ्ठीपासून दुसऱ्या चिठ्ठीपर्यंत लाल लोकरीचा धागा. दुसऱ्या दिवशी दुपारी फलक लाल झालेला असतो. मग सगळे हात वर करून बोटांनी मत देतात, या योजनेवर तुमचा भरवसा किती. कुणी तीन बोटं दाखवतो, कुणी वरिष्ठांकडे बघून चार. टाळ्या, ग्रुप फोटो, सामोसे. आता हे बरंचसं ऑनलाइन फलकावर होतं, सामोसे तेवढे गेले.

साधा कोच इथं वेळ सांभाळतो आणि माइक फिरवतो. कसलेला कोच मागच्या तीन फलकांचे फोटो काढून शेजारी ठेवतो आणि एवढंच विचारतो: पेमेंट आणि कोअर या दोन टीम्समध्ये दर वेळी हेच सात-आठ धागे का? धागे सांभाळण्यासाठी दर मंगळवारी आपण बैठक घेतो, त्याऐवजी त्या दोन टीम्स मोडून पुन्हा बांधता येतील का? हा प्रश्न विचारला की खोलीत कुणाच्या तरी खुर्चीला धक्का बसतो. म्हणूनच तो विचारायला असा माणूस लागतो, ज्याची त्या खोलीत स्वतःची खुर्ची नाही.

आणि इथंच दुसरं कलम कोसळतं, मॅनेजर बघून घेईल हे. मॅनेजर हुशार असतो, कोडही कोचपेक्षा चांगला जाणतो, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म तोच भरतो. ज्याच्या हातात रेटिंग आहे, त्याच्यासमोर कोण म्हणेल की हे फीचर या महिन्यात होणार नाही, कारण मागच्या वेळी घाईत लिहिलेला कोड आता आम्हालाच कळत नाही? बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी तळाला बसवायचंच असतं. सकाळी टीम म्हणून यश-अपयश वाटून घ्या असं सांगायचं आणि वर्षअखेरीला त्याच टीममधल्या सात जणांना एकमेकांविरुद्ध क्रमांक द्यायचे; ही विसंगती मॅनेजरनं निर्माण केलेली नाही, पण ती राबवायचं काम त्याच्याच वाट्याला येतं. व्हेलॉसिटी उद्दिष्ट म्हणून लावली की टीम्स काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे: कामाचा अंदाज फुगतो, तीन पॉइंटांची स्टोरी पाचाची होते, काम तेवढंच. स्टोरी पॉइंटांची कल्पना बहुधा आपलीच, असं सांगणाऱ्या जेफ्रीझ यांनी पुढे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला, तो याच गैरवापरापायी.

वाईट बातमी वर जाणं, हा मोठ्या प्रमाणावरच्या अजाइलचा कणा आहे. तो मोडला की काय होतं, याचं सरकारी दप्तरात नोंदलेलं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. सहा वेगवेगळे भत्ते एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आणण्याचं काम तिथल्या वर्क अँड पेन्शन्स खात्यानं अजाइल पद्धतीनं करायला घेतलं. सप्टेंबर २०१३ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला. तोवर ३ कोटी ४० लाख पौंडांची आयटी मत्ता निर्लेखित करावी लागली होती. या आकाराच्या कामावर खातं अजाइल पहिल्यांदाच वापरत होतं, आणि जुनी कंत्राटं, जुनी देखरेख, जुन्या मंजुऱ्या यांच्यात ते बसवताना अडचणी आल्या, असं अहवाल सांगतो. प्रकल्पाभोवती किल्ल्यासारखी तटबंदी होती, चांगल्याच बातम्या वर पाठवण्याची सवय होती, असंही सांगतो. प्रोग्रॅमरना स्टँड-अप घेता येत नव्हता असं त्यात कुठं नाही. जे बिघडलं होतं ते सगळं टीमच्या बाहेर होतं.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे, तिच्याबद्दल जाहीर कार्यक्रमांत कुणी बोलत नाही. पुण्यातल्या पुष्कळ टीम्सचा खरा प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कामांचा प्राधान्यक्रम ठरवणारा, लंडनला किंवा न्यू जर्सीला असतो. इथं असतो तो त्याचा ‘प्रॉक्सी’, ज्याला प्राधान्यक्रम बदलायचा अधिकार नाही, फक्त निरोप आणायचा आहे. रात्री साडेनऊचा कॉल हेच खरं प्लॅनिंग. कोच सेवा कंपनीच्या पगारावर असेल आणि ग्राहकाला त्याचं तासाच्या दरानं बिल जात असेल, तर त्यानं ग्राहकाला सांगायचं कसं, की साठ माणसांची रचना चुकली आहे, चाळिसांत भागेल? त्याच्याच कंपनीचं बिल एक तृतीयांशानं घटेल. तो गप्प बसतो. मग सहा महिन्यांनी कुणी तरी विचारतं, हा कोच नेमकं करतो काय? गप्प बसण्याच्या अटीवर माणूस नेमायचा आणि तो बोलत नाही म्हणून काढायचा, हा न्याय अजब आहे.

तिसरं कलम पैशाचं. परतावा दिसत नाही, कारण तो चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. किती कार्यशाळा घेतल्या, किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, परिपक्वतेचा आकडा किती वर गेला. हे सगळे कोचच्या हालचालीचे आकडे झाले. वर सांगितलेलं पत्ता बदलण्याचं काम घ्या. मागणी नोंदल्यापासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, त्यातले कामाचे किती आणि रांगेचे किती, हे कुठल्याही जिरातून, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, उकरून काढता येतं. तेवीस आठवड्यांचे सहा झाले का? तेवढं मोजा. झाले नसतील तर का नाही, हे कोचला आणि डायरेक्टरला एकाच टेबलाशी बसवून विचारा.

पुरावा म्हणाल तर किम डिकर्ट, मारिया पासिवारा आणि कास्पर लासेनियस या फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोठ्या अजाइल परिवर्तनांवरच्या ५२ लेखांचा आढावा घेतला, त्यांत ४२ संस्थांची हकीगत होती. यशाला हातभार लावणाऱ्या ठळक गोष्टींत व्यवस्थापनाचा पाठिंबा आला, पद्धत आपल्या अंगाला बेतून घेणं आलं, आणि प्रशिक्षण व कोचिंगही आलं. यातले बहुतेक लेख ज्यांनी स्वतः परिवर्तन केलं त्यांनीच लिहिलेले अनुभव होते, तेव्हा ते जरा जपूनच वाचावेत. पण त्याच आढाव्यात अडचणींमध्ये काय ठळक दिसलं ते पाहा: सॉफ्टवेअर विभागाबाहेरच्या खात्यांशी मेळ बसवणं. वित्त, मनुष्यबळ, खरेदी. म्हणजे पुन्हा टीमच्या बाहेर.

मग कोच कसा असावा? एका वेळी दोन-तीन टीम्सपेक्षा जास्त त्याच्याकडे नसाव्यात. बारा टीम्सना एक कोच दिला की तो कॅलेंडरमधला पाहुणा होतो. पहिले काही आठवडे त्यानं टीमबरोबर बसून ऑटोमेटेड टेस्ट लिहाव्यात, बिल्ड का अडकतो ते बघावं. स्वतः कोड लिहीत नसेल तर निदान ज्याला लिहिता येतो अशा जोडीदाराबरोबर यावं, कारण दर दोन आठवड्यांनी चालणारं सॉफ्टवेअर दाखवायचं आणि टेस्टिंगला मात्र हातानं तीन आठवडे लागतात, हा पेच चिठ्ठ्या चिकटवून सुटत नाही. रेट्रोमध्ये कोण काय बोललं हे त्यानं मॅनेजरला नावानिशी सांगायचं नाही, आणि ही अट पहिल्याच दिवशी मॅनेजरसमक्ष ठरलेली हवी. एकदा नाव फुटलं की त्या टीममध्ये त्याला कुणी खरं सांगत नाही. टीममधल्याच कुणाला तरी स्क्रममास्टर म्हणून तयार करून त्यानं तिथून निघावं. निघायची तारीख येतानाच ठरलेली असावी. पाच वर्षं एकाच टीमचे रेट्रो घेणारा कोच त्या टीमला पांगळी करतो.

सगळ्यांना एकच साचा लावण्याचा मोहही त्यानं आवरावा. स्पॉटिफायमधल्या रचनेवर हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इव्हारसन यांनी २०१२ मध्ये लेख लिहिला, तो त्या वेळच्या, चालू असलेल्या प्रवासाचं छायाचित्र म्हणून. जगभरच्या कंपन्यांनी त्यातली नावं उचलली. डिपार्टमेंटचा ट्राइब झाला, टीमचा स्क्वॉड झाला, आणि साहेब तेच राहिले. नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेनंही ती नावं घेतली, पण २०१५ मध्ये मुख्य कार्यालयातल्या साधारण साडेतीन हजार माणसांच्या जागा नव्यानं ठरवल्या आणि मार्केटिंगवाला, आयटीवाला एकाच स्क्वॉडमध्ये बसवला. सगळ्यांनीच एवढं उलथंपालथं करावं असं माझं म्हणणं नाही. माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि आयएनजीतही त्याची किंमत कुणी तरी मोजली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोचला वरच्या बैठकीचं दार उघडं हवं. तिमाहीचं बजेट जिथं वाटलं जातं, कंत्राटाची कलमं जिथं ठरतात, तिथं त्याला बसू द्यावं आणि महिन्यातून एकदा डायरेक्टरशी एकट्यानं बोलू द्यावं. यावर नेहमीचा आक्षेप असा, की बाहेरच्या माणसाला एवढं आत कशाला घ्यायचं. ऑडिटरला आपण घेतोच की. नको ते प्रश्न विचारण्यासाठी त्याला पैसेही देतो.

बऱ्याच कोचपाशी अडथळ्यांची एक यादी असते, एक्सेलमध्ये नाही तर जिराच्या वेगळ्या बोर्डावर. टेस्ट एन्व्हायर्न्मेंट दुसरं मिळावं, मंजुरी कुणाकडे अडली आहे. केवायसीच्या टीममधला एक माणूस अॅपच्या टीममध्ये हलवावा, मंजुरी कुणाकडे. रिलीजसाठी लागणाऱ्या चार सह्या दोनवर आणाव्यात, मंजुरी कुणाकडे. पद बंद करण्याच्या मेलवर सही करण्याआधी डायरेक्टरांनी ती यादी मागवून घ्यावी. तिच्यातल्या कुठल्या ओळी टीमपाशी अडल्या आहेत आणि कुठल्या स्वतःच्या टेबलावर, हे पाहायला अर्धा तास पुरतो. कोच गेल्यावर त्या ओळी कुणाच्या नावावर टाकायच्या, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावं.